पॅच घेतला, आता सांभाळा!

मोबाइलवर ‘शिर्डी’ असं टाइप केलं की यंत्राच्या स्मृतीत सहा खुणा रांगेने साठतात: श, पहिली वेलांटी, र, हलन्त, ड आणि दुसरी वेलांटी. आपण उच्चारतो तोच हा क्रम. पडद्यावर मात्र भलतंच घडतं. पहिली वेलांटी श च्या डावीकडे जाऊन उभी राहते. र आपलं रूपच टाकून देतो, ड ला ओलांडतो आणि दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. तेवढ्यात श नेही मराठी वळण घ्यायचं असतं, देठाचं. हिंदी वळणाचा श आला तर आपल्या डोळ्यांना तो परका वाटतो. ही सगळी पळापळ डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकते.

यंत्राला यातलं काहीही उपजत येत नाही. वेलांटी केव्हा मागे जाते, र केव्हा वर चढतो, हे कुणीतरी एकेक ओळ लिहून त्याला शिकवलेलं आहे. अँड्रॉइडच्या फोनमध्ये हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरने तो घडवला आणि सांभाळला. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस यांच्यातही तोच काम करतो. त्याची प्रत्येक ओळ उघडी आहे. ती कुणीही वाचावी, आपल्यापुरती बदलावी, आणि वाटलं तर ‘हा बदल मूळ संचातही घ्या’ असं सुचवावं. या सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात.

आणि इथूनच थक्क करणारी गोष्ट सुरू होते. कुठल्याशा गावातल्या, कुणालाही माहीत नसलेल्या माणसाने सुचवलेली चार ओळींची दुरुस्ती जगातल्या कोट्यवधी यंत्रांमध्ये जाऊन बसू शकते. त्यासाठी वशिला लागत नाही, पदवी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. मग लागतं तरी काय?

वजा आणि अधिक

पॅच दिसायला अगदी साधा असतो. ज्या ओळी काढायच्या त्यांच्या आधी वजाचं चिन्ह, ज्या घालायच्या त्यांच्या आधी अधिकचं. वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी जशाच्या तशा ठेवायच्या, म्हणजे बदल नेमका कुठे बसवायचा ते कळतं. १९८५ मध्ये लॅरी वॉल या अमेरिकी प्रोग्रामरने अशी यादी वाचून मूळ मजकुरात बदल आपोआप बसवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नावच ‘पॅच’ ठेवलं. मधल्या काळात मूळ मजकूर बदलून ती जागा दहा-वीस ओळी खाली सरकली असली, तरी आजूबाजूच्या ओळींवरून तो ठिकाण हुडकून काढतो. सगळा ग्रंथ पाठवायची गरज संपली, फक्त फरक पाठवला की झालं. जगाच्या दोन टोकांना बसलेली माणसं एकच प्रोग्राम मिळून लिहू लागली, त्याच्या मुळाशी ही छोटीशी सोय आहे.

त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे लिनक्स. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, आज सुमारे चार कोटी ओळींचा आहे. अँड्रॉइडचे सगळे फोन याच गाभ्यावर चालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत सुमारे दोन हजार माणसांनी पाठवलेले दहा ते चौदा हजार बदल असतात. दिवसाचा हिशेब काढला तर रोजचे दीडशे-दोनशे. चालत्या गाडीची चाकं बदलावीत तसा हा प्रकार, आणि गाडी थांबत नाही.

एका पॅचची वाटचाल

समजा, संगमनेरच्या किंवा लोणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा टचपॅड लिनक्सवर नीट चालत नाही. शोधता शोधता तिला कळतं की कर्नेलमधल्या एका तक्त्यात तिच्या यंत्राचा क्रमांकच नाही. ती एक ओळ घालते, टचपॅड चालू लागतो. अनेकांचा पहिला पॅच असाच, एका ओळीचा असतो.

आता ही ओळ द्यायची कुणाकडे? कर्नेलमध्येच एक लांबलचक यादी आहे. कोणता भाग कोण सांभाळतं, म्हणजे त्याचा मेंटेनर कोण, ते तिच्यात लिहिलेलं असतं. एक छोटा प्रोग्राम पॅच वाचून सांगतो की हा अमुक मेंटेनरकडे पाठव. दुसरा प्रोग्राम शिस्त तपासतो: समास आठ जागांचाच आहे ना, ओळीच्या शेवटी उगाच मोकळी जागा राहिली नाही ना. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलनेच पाठवायचा. रंगीत अक्षरं, जोडलेली फाइल चालत नाही. आणि पॅचच्या डोक्यावर निवेदन हवं. त्यात काय बदललं यापेक्षा का बदललं याला जास्त महत्त्व असतं, कारण ‘काय’ तर खालच्या अधिक-वजाच्या ओळींतून दिसतंच.

निवेदनाच्या शेवटी तिची सही. ‘हे काम माझं आहे आणि ते या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे’ असं वचन त्या एका ओळीत असतं. २००४ पासून ही ओळ नसलेला पॅच घेतला जात नाही, आणि ओळख लपवून ती देताही येत नाही.

मग येतात हरकती. ‘नावात अर्थबोध होत नाही.’ ‘हाच तक्ता दुसऱ्या फाइलमध्येही आहे, तिथे का नाही बदललं?’ ‘जुन्या यंत्रावर तपासलंस का?’ उत्तरं द्यायची, दुरुस्ती करायची, पॅचवर ‘दुसरी आवृत्ती’ असं लिहून पुन्हा पाठवायचा. तिसरी, पाचवी, नववी आवृत्ती होणं यात कुणाला नवल वाटत नाही. ज्याने ओळीन् ओळ वाचली तो आपलं नाव ‘तपासलं’ म्हणून जोडतो, ज्याने आपल्या यंत्रावर चालवून पाहिलं तो ‘चालवलं’ म्हणून. पॅचच्या तळाशी माणसांची अशी रांग लागत जाते.

मेंटेनर तो आपल्या साठ्यात घेतो. असे शेकडो साठे रोजच्या रोज एका चाचणी-संचात एकत्र करून पाहिले जातात, कारण एकेकटे चांगले वागणारे दोन बदल एकत्र आल्यावर भांडू शकतात. नवी आवृत्ती निघाली की दोन आठवडे दार उघडतं. मेंटेनर आपापले साठे टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात. दार बंद झालं की पुढचे सात-आठ आठवडे फक्त दोषदुरुस्ती. दर रविवारी एक कच्ची आवृत्ती बाहेर पडते आणि जगभरची माणसं ती आपापल्या यंत्रांवर घासून पाहतात.

टोरवाल्ड्स या हजारो पॅचमधला प्रत्येक वाचत नाहीत, ते शक्यही नाही. त्यांचा मेंटेनरवर विश्वास असतो आणि मेंटेनरचा तपासणाऱ्यांवर. सगळी रचना या साखळीवर उभी आहे. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच लिहिलेल्या ‘गिट’ या प्रोग्राममुळे त्या साखळीची प्रत्येक कडी नोंदली जाते. प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरातून आणि आधीच्या सगळ्या इतिहासातून गणिताने काढलेला ४० अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो. मागचं एक अक्षर जरी कुणी गुपचूप बदललं, तरी पुढचे सगळे क्रमांक विस्कटतात आणि चोरी उघडी पडते.

दार इतकं अरुंद का?

एवढी कटकट कशासाठी, याचं उत्तर मार्च २०२४ मध्ये जगाला मिळालं. एक्सझेड नावाचं, फाइली आवळून लहान करणारं एक साधन लिनक्सच्या बहुतेक संचांमध्ये असतं. ते एकच माणूस, तेही फावल्या वेळात, सांभाळत होता. टोपणनाव घेतलेला कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत करत राहिला, चांगले पॅच देत राहिला, विश्वास कमावला, सहमेंटेनर झाला आणि मग त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रामर त्या वेळी आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो खोदत गेला आणि चोरदरवाजा सापडला. जगातले असंख्य सर्व्हर वाचले ते अर्ध्या सेकंदाच्या चिकित्सेमुळे.

मात्र लबाडी ही विरळाच. अधूनमधून पॅच नाकारला जातो तो साध्या कारणाने: उद्या हे सांभाळणार कोण? घेतलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी त्या दिवसापासून घेणाऱ्यावर पडते. पाठवणारा नोकरी बदलून निघून जाईल, पण ती ओळ बिघडली की लोक मेंटेनरचंच दार ठोठावतील. म्हणून मेंटेनर पॅचइतकंच पॅच आणणाऱ्याला पारखतो. हरकतींना हा माणूस उत्तर देतो का? आपल्या चुका स्वतः शोधतो का? पुढच्या वर्षीही असेल का?

पॅच नाकारला तरी तो आपल्यापुरता वापरायला कुणाची आडकाठी नसते. पण त्याची किंमत मोजावी लागते. मूळ संचाला या व्यवसायात अपस्ट्रीम म्हणतात. तिथे आलेला बदल डेबियन, उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या संचांमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये आपोआप खाली उतरत जातो. बाहेर राहिलेल्या पॅचला हे भाग्य नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी वरून नवी आवृत्ती येते, ओळी सरकलेल्या असतात, नावं बदललेली असतात आणि पॅच सांभाळणाऱ्याला तो पुन्हा नव्याने बसवावा लागतो. वर्षाला पाच-सहा वेळा, पगार नसताना.

असा बाहेर राहिलेला सर्वांत नामांकित पॅच वीस वर्षं वाट पाहत होता. सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत सीएनसी यंत्रावर काम करणाऱ्याला त्याचं मोल सांगावं लागणार नाही. कापणारं हत्यार ठरलेल्या क्षणी थांबलंच पाहिजे; सरासरीने वेळेवर थांबून भागत नाही. साधा कर्नेल अशी हमी देत नव्हता. ती मिळावी म्हणून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ च्या सुमारास प्रीएम्प्ट-आरटी हा पॅचसंच सुरू केला. एकगठ्ठा तो कुणी घेतलाच नसता. म्हणून त्याचे तुकडे करत, एकेक तुकडा सगळ्यांनाच उपयोगी पडेल असा घासून पुसून, ते वर्षानुवर्षं आत देत राहिले. अचूक वेळ मोजणारी घड्याळं, कुलुपांचे दोष आधीच ओळखणारा पहारेकरी, कर्नेलच्या आत काय चाललंय ते टिपणारं साधन, असं बरंच काही त्या वाटेने मुख्य लिनक्समध्ये आलं. २०१४ मध्ये पैशांअभावी ग्लाइक्सनर यांनी हे काम आता फक्त छंद म्हणून चालेल, असं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी लिनक्स फाउंडेशनने त्यासाठी निधीची व्यवस्था केली.

शेवटचा अडथळा कोणता होता? कर्नेलचे संदेश पडद्यावर छापणारं एक जुनं, साधं काम. एखादा इशारा छापण्यात यंत्र गुंतलं की वेळेची हमी संपलीच. ती गाठ सोडवायला वर्षं लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नातल्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी अंतिम विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून, फीत बांधून टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली. आवृत्ती ६.१२ मध्ये ती आत आली.

तीन महिने आणि सतरा वर्षं

आपल्याकडच्या अक्षरांनीही हाच रस्ता चालला आहे, कधी झपाट्याने, कधी रखडत.

आयआयटी मुंबईत शिकणाऱ्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला उबुंटूची १०.१० ही आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या नव्या फाँटमध्ये एका योगदानकर्त्याने काढलेलं रुपयाचं चिन्ह होतं. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची ६.० ही आवृत्ती, जिच्यात ₹ ला जागा मिळाली, ती दुसऱ्या दिवशी आली. मंजुरीपासून पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

याउलट ‘ॲ’ चं पाहा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण मराठीला रोज लागणाऱ्या या स्वराला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर अ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवायचा, हाच उपाय होता. राज्य शासनाने मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत स्थान दिलं ते २००९ च्या निर्णयाने. मोडी लिपीला त्याहून जास्त थांबावं लागलं. अंशुमन पांडे यांनी तिचा तपशीलवार प्रस्ताव मांडला आणि २०१४ च्या ७.० या आवृत्तीत ७९ खुणांसह ती संगणकावर आली. क्रमांक मिळाला म्हणजे संपलं, असंही नसतं. त्यानंतर फाँट हवा, कळफलक हवा, अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये नियम हवेत. प्रत्येकाचा वेगळा पॅच, वेगळा मेंटेनर, वेगळ्या हरकती.

देवनागरीत तर एकाची दुरुस्ती दुसऱ्याची मोडतोड ठरू शकते, कारण हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत सगळे त्याच अक्षरांवर चालतात. मराठीला पाकळीचा ल हवा म्हणून तो सरसकट बदलला तर हिंदी वाचक तक्रार करतील. म्हणून फाँटच्या आत ‘भाषा मराठी असेल तर हे वळण’ अशी स्वतंत्र नोंद करावी लागते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फाँट पुढे पुण्यातूनच सांभाळले गेले. त्यांच्यात अशा नोंदी आहेत.

आणि पॅचने काही मोडलं नाही हे कसं कळतं? हार्फबझची देवनागरीची व्यवस्था नव्याने लिहिली जात होती, तेव्हा विकिपीडियातून गोळा केलेले सात लाखांहून अधिक देवनागरी शब्द तिच्यातून काढले गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामने मांडलेल्या शब्दांशी ताडून पाहिले गेले. न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. प्रत्येक बदलाच्या निवेदनात हे आकडे लिपीवार नोंदलेले असत: किती जुळले, किती चुकले.

नेवाशाचा ग्रंथ, पैठणची दुरुस्ती

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, ही शिस्त नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे इथे प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मग प्रतीवरून प्रती निघत गेल्या. कुठे लेखनिकाचा हात चुकला, कुठे कुणी आपली ओवी घुसवली. तीनशे वर्षांत पाठ गढूळ झाला. प्रवरेचं पाणी गोदावरीला मिळून ज्या पैठणला जातं, तिथल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, निरनिराळ्या प्रती जमवल्या, पाठ ताडले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कुणी यात आपली भर घालू नये, अशी सक्त ताकीदही दिली. नाथांनी स्वतः उदंड लिहिलं, पण इथे त्यांनी दुसऱ्याचा मजकूर राखण्याचं काम पत्करलं. आज ज्याला मेंटेनर म्हणतात, त्याचं काम याहून फारसं वेगळं नाही. एकच मोठा फरक आहे: नाथांच्या आधी कुणी, कुठे, काय बदललं याची नोंद नव्हती, म्हणून त्यांना प्रतींच्या ढिगातून अंदाज बांधावा लागला. गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे तिच्या कर्त्याचं नाव आणि तारीख असते.

पडून असलेलं काम

मराठीसाठी करण्यासारखं अजून पुष्कळ उरलं आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि कोकणातला ‘दर्या’ यांतला फरक फक्त र च्या रूपाचा. दऱ्यांमधला र लिहायला युनिकोडमध्ये जे अक्षर वापरतात, ते मुळात तमिळसारख्या भाषांमधला वेगळा र देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेलं. त्याचं अर्धं रूप मराठीच्या कामी आलं. पण जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरूनही तसंच दिसणारं रूप काढत असत. म्हणून भंडारदऱ्याबद्दलचे दोन लेख डोळ्यांना अगदी सारखे दिसतात आणि साध्या शोधाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. एक सापडतो, दुसरा सापडत नाही. शोध, अकारविल्हे, शुद्धलेखन तपासणी, ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, अशा प्रत्येक ठिकाणी मराठीची अशी लहान लहान कामं पडून आहेत, आणि त्यांतली बरीचशी मराठी जाणणाऱ्यालाच दिसू शकतात. हार्फबझ लिहिणाऱ्याला दऱ्या आणि दर्या यांतला फरक कुणी मराठी माणसाने सांगितल्याशिवाय कळणार कसा?

सुरुवात लहान करावी. एकच दोष, एकच पॅच, तो कसा पुन्हा घडवून दाखवता येईल याचे टप्पे, आणि आधी-नंतरचं चित्र. पहिल्या हरकतीला रागाने उत्तर देऊ नये, दुसरीला उशिरा देऊ नये. नेपाळीचं काही बिघडत नाही, हे आपणहून तपासून सांगावं. आणि पॅच स्वीकारल्याचं पत्र आलं की पेढे जरूर वाटावेत, पण ईमेलचा पत्ता बदलू नये. दोन वर्षांनी कुठल्याशा नव्या फोनवर तुमचीच ओळ अडखळेल, आणि तेव्हा विचारणा तुमच्याकडेच येणार आहे.